सेल्फ मारणं थांबवा: उणे वीसमध्ये जुनं डिझेल कसं चालू होतं

आजचा भाग जरा वेगळा आहे. नेहमी आपण ॲप, कोड, नोकरी वगैरेवर बोलतो. आज बोलायचंय एका जुन्या डिझेल गाडीबद्दल, जी एका सकाळी चालू झाली नाही. हेडफोन लावले असतील तर मस्त, पण ज्यांचा हिवाळ्यात स्पितीला जायचा प्लॅन आहे त्यांनी हे नीट ऐका.

जानेवारी महिना. आम्ही तिघे कॉलेजचे मित्र. एक जण चंदीगडला असतो, त्याच्या सासऱ्यांची जुनी डिझेल जीप. शिमला, रामपूर, नाको, ताबो करत काझाला पोचलो आणि दुसऱ्याच दिवशी वर लांगझाला. लांगझा साधारण 4,400 मीटरवर आहे. काझा त्याच्यापेक्षा सातशे मीटर खाली. एका होमस्टेत राहिलो. संध्याकाळी मालक, आम्ही त्यांना अंकलजी म्हणायचो, म्हणाले, "बेटा, बॅटरी निकाल के अंदर रख लो." आम्ही हसलो. म्हटलं, कालपर्यंत तर एका सेल्फमध्ये चालू होत होती.

रात्री आमच्यातल्या एकाचं डोकं ठणकायला लागलं. मग उलट्या. खरं तर तेव्हाच खाली निघायला हवं होतं, पण आम्ही "सकाळी बघू" म्हणालो. सकाळी तो उठून दाराकडे निघाला आणि दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खात होता. उंचीवर असा तोल जाणं म्हणजे मेंदूला सूज येत असल्याची खूण असू शकते. त्यावर खरा उपाय एकच, लगेच खाली उतरणं. काझाला हॉस्पिटल आहे, ऑक्सिजन आहे. अंतर पंधरा-सोळा किलोमीटर. आणि गाडी बाहेर, उणे वीसच्या आसपास, रात्रभर उघड्यावर.

मी किल्ली फिरवली. सेल्फ रडत रडत फिरला. परत मारला. परत. पहिल्या दोन-तीन वेळा मागून थोडा पांढरा धूर आला, मग तोही बंद झाला. दहाव्या वेळी नुसतं "टक". बॅटरी संपली.

सॉफ्टवेअरवाल्यांना कळेल मी काय केलं होतं. सर्व्हर उत्तर देत नाही म्हणून लूपमध्ये रिट्राय मारत बसलो. फरक एवढाच, की इथे प्रत्येक रिट्राय फुकट नव्हता. प्रत्येक सेल्फ त्या बॅटरीतूनच जात होता.

आता जरा समजून घेऊ, असं होतं का. पेट्रोल गाडीत ठिणगी असते. डिझेलमध्ये ठिणगी नसते. हवा इतकी दाबायची की ती तापते, आणि त्या गरम हवेत डिझेल फवारलं की ते आपोआप पेटतं. जुन्या इनडायरेक्ट इंजेक्शनवाल्या इंजिनात हवा साधारण 22 पट दाबली जाते. कागदावर गणित केलं तर पुण्याच्या 30 अंशांची हवा दाबल्यावर साडेसातशे अंशांच्या वर जाते. उणे 20 ची हवा सहाशेच्या आसपास. डिझेल पेटायला अडीचशेसुद्धा पुरतात. मग अडचण कुठे?

अडचण ही, की कागदावरच्या गणितात उष्णता कुठे पळत नाही. खऱ्या इंजिनात चारही बाजूंना बर्फासारखं गार लोखंड असतं आणि ते ही उष्णता पिऊन टाकतं. इंजिन हळू फिरलं की लोखंडाला ती प्यायला जास्त वेळ मिळतो, आणि झिजलेल्या रिंगांमधून दाबही निसटतो. त्यात लांगझाला हवा विरळ, समुद्रसपाटीच्या जेमतेम 60 टक्के. म्हणजे तापवायला मुळात हवाच कमी.

इंजिन हळू का फिरतं? थंडीत ऑइल मधासारखं घट्ट होतं. आपण 15डब्ल्यू-40 टाकतो ना, त्यातल्या 15डब्ल्यूची परीक्षा उणे 20 अंशांवर असते, 5डब्ल्यूची उणे 30 वर. आम्ही 15डब्ल्यूच्या काठावर उभे होतो. आणि बॅटरी? उणे 18 ला ती जवळपास अर्धीच ताकद देते. म्हणजे काम वाढलं आणि कामगार निम्मे झाले.

यासाठी ग्लो प्लग असतात, आपले मेकॅनिक त्याला हीटर प्लग म्हणतात. ते ज्वलनकक्षात लालबुंद तापतात. डॅशबोर्डवर स्प्रिंगसारखा पिवळा दिवा लागतो, तो विझला की सेल्फ मारायचा. पण बऱ्याच जुन्या गाड्यांत तो दिवा नुसता टायमरवर चालतो, बरं का! दिवा विझला म्हणजे वेळ संपली, प्लग तापले असं नाही. नंतर चंदीगडला टेस्ट लॅम्प लावून पाहिलं तर चारपैकी दोन प्लग मेलेले होते. स्टेटस 200 ओके, आत सगळा आनंद.

तोपर्यंत गाडीवाल्या मित्राने डिकीतून स्टार्टिंग स्प्रे काढला होता, ईथरचा. मी हात पुढे केला, अंकलजींनी तो हिसकावूनच घेतला. नंतर वाचलं तेव्हा कळलं, तापलेल्या ग्लो प्लगवर ईथर गेला तर तो वेळेआधीच भडकतो आणि इंजिन फोडू शकतो. ग्लो प्लगच्या गाडीत ईथर अजिबात नाही. ढकलस्टार्टही नाही म्हणाले. बर्फाच्या उतारावर गिअर टाकला की चाकं अडकतात आणि गाडी घसरते.

मग त्यांनी एक प्रश्न विचारला, जो मी पहिल्या मिनिटाला विचारायला हवा होता. धूर येत होता का? इथेच खरं डिबगिंग आहे, लक्षात ठेवा. सेल्फ मारताना पांढरा धूर येतोय, म्हणजे डिझेल आत पोचतंय पण पेटत नाही, उष्णता कमी आहे. धूरच नाही, म्हणजे डिझेल पोचतच नाही. आमचा धूर आधी येऊन मग थांबला होता. म्हणजे दोन बग एकदम.

डिझेलमध्ये मेण असतं. गारठ्यात त्याचे बारीक स्फटिक होतात आणि सगळ्यात आधी फिल्टर तुंबतो. आपल्याकडच्या नेहमीच्या डिझेलसाठी फिल्टरमधून वाहण्याची मर्यादा हिवाळ्यात अधिक 6 अंशांची आहे. म्हणून तर लडाखसाठी इंडियन ऑइलने 2019 मध्ये उणे 33 अंशांपर्यंत प्रवाही राहणारं वेगळं डिझेल आणलं. डोंगरातले ड्रायव्हर पूर्वीपासून रॉकेल मिसळत आलेत, पण नव्या कॉमन रेल गाड्यांत तो प्रयोग करू नका. त्यांच्या पंपाला डिझेलचंच वंगण लागतं.

मग कामं वाटून घेतली. आजारी मित्राला पांघरुणात बसवून त्याच्याजवळ आजी थांबल्या. फोनवर काझाहून गाडी मागवली, पण ती यायला दोन तास तरी लागणार होते. बॅटरी काढून तंदूरजवळ ठेवली. तिथे घरातल्या शेगडीला तंदूर म्हणतात. फिल्टरला फडकं गुंडाळून त्यावर हळूहळू गरम पाणी सोडलं. फिल्टरवरचा हातपंप दाबत राहिलो, आधी अडकत होता, मग मोकळा झाला आणि डिझेल भरल्यावर घट्ट लागला. ऑइलच्या चेंबरखाली अंकलजींनी घमेल्यात निखारे ठेवले. कुठे डिझेल किंवा ऑइल गळत नाही हे आधी वाकून बघितलं, आणि एक मिनिटही तिथून हलले नाहीत. हे घरी करून बघायचा प्रकार नाही.

पाऊण तास. आयुष्यातला सगळ्यात लांब पाऊण तास, कारण दर पाच मिनिटांनी मला वाटत होतं, बॅटरी लावू, एकदा मारून बघू. आणि अंकलजी नुसते मान हलवत होते, नाही.

मग बॅटरी लावली. हेडलाइट, ब्लोअर, सगळं बंद. क्लच पूर्ण दाबलेला, म्हणजे गिअरबॉक्सचं गोठलेलं ऑइल सेल्फला फिरवावं लागत नाही. ग्लो प्लग सलग तीनदा. मग सेल्फ, दहा सेकंद. पांढरा धूर आला. तो धूर बघून मला रडू यायचं बाकी होतं, कारण याचा अर्थ डिझेल पोचलं. एक मिनिट थांबलो. परत ग्लो प्लग, परत सेल्फ. एक सिलिंडर पेटला, मग दुसरा, गाडी थरथरत, खोकत चालू झाली.

काझाला पोचायला तासभर लागला. मित्राला लगेच ऑक्सिजन लावला, औषधं दिली, मग आणखी खाली नेलं. आज तो ठणठणीत आहे आणि हा भाग ऐकून मला शिव्या घालणार आहे.

मला यातून काय कळलं? थंडीतली गाडी सकाळी चालू होत नाही, ती आदल्या संध्याकाळी चालू होते. बॅटरी आत, गाडी आडोशाला, बॉनेटवर जुनी रजई (सेल्फ मारायच्या आधी काढायची!), ऑइल योग्य ग्रेडचं, निघण्यापूर्वी चारही हीटर प्लग तपासलेले. कॅनडात लोक रात्री इंजिनचा हीटर विजेच्या प्लगला लावून झोपतात, तेही याच कारणासाठी. आणि तरीही सकाळी चालू झाली नाही, तर दोन प्रयत्नांनंतर हात किल्लीवरून काढा. धूर बघा. उष्णता कुठे कमी पडतेय ते शोधा.

आणि एक शेवटचं. डोकं दुखणाऱ्या मित्राला "सकाळी बघू" म्हणू नका. त्या रात्री आठ वाजता इंजिन गरम होतं, एका सेल्फमध्ये चालू झालं असतं.

चला, आज इतकंच. तुमच्या ग्रुपमधलं कोणी हिवाळ्यात डोंगरात निघालं असेल, तर त्याला हा भाग नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.