दूर देशीची देवळे आणि आपले देऊळ
(जीर्णोद्धार सोहळ्यातील व्याख्यान)



जीर्णोद्धाराच्या मांडवात प्रवासाचा विषय कशाला, असे काही मंडळींना वाटेल. परंतु देऊळ बांधणारा गावचा असला तरी देऊळ पाहणारा प्रत्येक वेळी गावचाच असतो असे नाही. आपल्या तालुक्यातील कित्येक घरांतली मुले आज नोकरीनिमित्त परदेशी आहेत. सुट्टीत येतात, सोबत तेथे जन्मलेली नातवंडे आणतात. ती नातवंडे देवळात शिरली की नमस्काराआधी विचारतात, हे कोणी बांधले? केव्हा? आधी येथे काय होते? आजोबांना उत्तर देता आले तर ठीक, नाहीतर ‘फार जुने आहे’ एवढ्यावर भागवावे लागते.

परदेशी राहून जगातील पुरातन स्थळे स्वतःच्या हिंमतीवर पाहणाऱ्या मराठी माणसांत डॉ. मीना प्रभू यांचे नाव पहिले घ्यावे लागेल. त्या मूळच्या पुण्याच्या, जन्म १९३९ चा. वैद्यकीचे शिक्षण झाले आणि लग्नानंतर त्या लंडनला स्थायिक झाल्या. यात्रा-कंपनीच्या घोळक्यात न जाता, आधी त्या देशाविषयी वाचायचे, मग आपली आखणी आपणच करून निघायचे, अशी त्यांची रीत. इजिप्तवर ‘इजिप्तायन’, ग्रीसवर ‘ग्रीकांजली’, तुर्कस्थानावर ‘तुर्कनामा’, इराणवर ‘गाथा इराणी’ असे एकेक देशाचे एकेक पुस्तक त्यांनी मराठीत लिहिले. त्यांनी पुण्यात ग्रंथालयही उभारले. मार्च २०२५ मध्ये त्या निवर्तल्या.

घोळक्याबरोबर जाणारा आणि आपल्या आपण जाणारा, यांत मोठा फरक आहे. घोळक्याला वाटाड्या सांगतो तेवढे कळते आणि शिट्टी वाजली की गाडीत बसावे लागते. एकट्या प्रवाशाला सांगणारा कोणी नसतो, त्यामुळे त्याला दगडालाच विचारावे लागते. दगडाने उत्तर द्यायचे तर दुरुस्ती करणाराने त्याचे तोंड बंद केलेले नसले पाहिजे. आजच्या प्रसंगी सांगण्यासारखी गोष्ट हीच आहे, आणि त्यासाठी मीनाताईंनी ज्या देशांवर लिहिले त्यांतील दोन देवळांची हकीगत पुरेशी आहे.

इजिप्तमध्ये नाईल नदीकाठी अबू सिंबेल म्हणून स्थान आहे. रामसेस दुसरा या राजाने सव्वातीन हजार वर्षांपूर्वी डोंगर कोरून तेथे दोन देवळे केली, एक थोरले आणि एक राणीच्या नावाचे. आस्वानचे मोठे धरण बांधायचे ठरले तेव्हा ही देवळे पाण्याखाली जाणार हे उघड झाले. मग १९६४ ते १९६८ या काळात ती कापून काढली. हजाराहून अधिक तुकडे झाले, काही तुकडे तर ३० टनांपर्यंतचे. प्रत्येक तुकड्यावर क्रमांक घातला, आणि सुमारे ६५ मीटर उंच व २०० मीटर मागे नेऊन त्याच क्रमाने पुन्हा जुळविले. खर्चासाठी सुमारे ५० देशांनी वर्गणी दिली. वर्गणी काढून देऊळ उभे करण्याची रीत केवळ आपल्याच गावची नाही हे ऐकून वर्गणीदारांना बरे वाटेल! त्या देवळाच्या गाभाऱ्यात वर्षातून दोन वेळा उगवत्या सूर्याचे किरण थेट आतल्या मूर्तींवर पडतात. कोल्हापूरच्या अंबाबाईचा किरणोत्सव ज्यांनी पाहिला आहे त्यांना याची कल्पना येईल. देऊळ हलविल्यावर हा योग एखाद्या दिवसाने पुढे सरकला असे म्हणतात. डोंगर कापून नेला आणि चूक पडली एका दिवसाची. क्रमांक घातले होते म्हणून हे जमले.

दुसरी हकीगत ग्रीसची, आणि ती आपल्या गवंडीकामाला अधिक जवळची आहे. अथेन्स शहरात टेकडीवर पार्थेनॉन नावाचे संगमरवरी देऊळ आहे, इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातले. जुन्या कारागिरांनी दगडाला दगड लोखंडी पकडीने जोडला, पण लोखंडाभोवती शिसे ओतले, म्हणजे हवा-पाणी लागू नये. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तेथे मोठी दुरुस्ती झाली. हेतू चांगला होता, पैसाही होता. परंतु नवे लोखंड शिश्याविना बसविले, आणि पडलेले काही दगड भलत्याच जागी चढविले. लोखंड गंजले. गंज फुगतो, तो फुगला आणि जो संगमरवर चोवीस शतके टिकला होता तो आतून तडकू लागला. १९७५ साली त्या कामासाठी तज्ज्ञांची समिती नेमली. तिने जुने लोखंड काढून न गंजणारा टायटॅनियम धातू घालणे आणि प्रत्येक दगडाची मूळ जागा शोधणे सुरू केले. एका पिढीची दुरुस्ती पुढच्या पिढ्यांना दुरुस्त करीत बसावे लागले. डोंबिवलीत स्लॅबच्या सळ्या गंजून छताचे पोपडे पडलेले कोणी पाहिले नाहीत? खाडीची दमट हवा देवळाची इमारत म्हणून सवलत देत नाही.

आपल्या मुलुखातही परदेशचे प्रवासी येऊन गेले आहेत. डॉ. जॉन फ्रायर हा इंग्रज वैद्य १६७५ साली जुन्नरला जाताना कल्याणवरून गेला. कल्याणची पडझड आणि त्या पडझडीतही दिसणारे पूर्वीचे वैभव त्याने आपल्या पुस्तकात लिहून ठेवले. त्या काळचे कल्याण कसे होते हे जाणण्यासाठी आज परक्याची वही उघडावी लागते. त्या मानाने वरसईचे विष्णुभट गोडसे बरे. ते १८५७ साली उत्तरेकडे निघाले, बंडाच्या धामधुमीत सापडले आणि पुढे स्वतःच्या हाताने सारे लिहून गेले.

दगडावर लिहिलेले किती काळ टिकते हे पाहायला मात्र अंबरनाथच पुरे. वालधुनीच्या काठचे ते शिवालय शिलाहार राजांच्या काळातले. उत्तर दरवाजाच्या तुळईवर आतल्या बाजूने लेख कोरला आहे. त्यात शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० चा काळ आहे, मामवाणी राजाचे नाव आहे आणि त्याच्या कारभाऱ्यांचीही नावे आहेत. शिलाहारांचे राज्य गेले, शिखर ढासळले, गाभाऱ्यावर आकाश उघडे झाले. पण कारभाऱ्यांची नावे साडेनऊशे वर्षे जागच्या जागी राहिली. त्या तुळईवर कोणी रंगाचा हात फिरविला असता तर? आपल्या भागातील किती देवळांत कोरीव दगड तैलरंगाखाली गेले आणि किती वीरगळ पायरीला लागले, त्याची मोजदाद कोणी केलेली नाही.

तलाठी दप्तरात एक चांगली पद्धत आहे. सात-बारावर नवे नाव आले तरी जुने खरवडून काढीत नाहीत, त्याला कंस करतात आणि फेरफाराचा क्रमांक घालतात. म्हणून जमीन कोणाकडून कोणाकडे आली हे तीन पिढ्यांनंतरही वाचता येते. देवळाच्या जीर्णोद्धारातही जुन्याला कंस करावा, ते खोडू नये. जुना दगड नव्या बांधकामात बसत नसेल तर आवारात ओट्यावर मांडावा, पाया भरायला टाकू नये. तो कोठून निघाला ते लिहावे. काम सुरू होण्याआधी चारी बाजूंचे फोटो घ्यावेत, गाभाऱ्याची लांबी-रुंदी आणि उंबऱ्याची दिशा वहीत टिपावी. संगमरवरी पाटीवर वर्गणीदारांची नावे येतात ती यावीतच, पण त्याच पाटीवर गवंड्याचे आणि पाथरवटाचेही नाव घालावे, आणि जुन्या देवळातले काय ठेवले, काय बदलले हे दोन ओळींत सांगावे. जुने फोटो ज्यांच्या घरी असतील, मग ते लग्नाचे का असेनात, मागे देऊळ दिसत असेल तर त्यांची प्रत विश्वस्तांकडे द्यावी. परदेशी असलेल्या मंडळींच्या अल्बमात असे फोटो पुष्कळ निघतील. वर्गणीच्या पत्राबरोबर त्यांच्याकडे तेही मागता येतील.

आणि अंबरनाथ मानपाड्याहून काही फार दूर नाही. महाशिवरात्रीच्या गर्दीत दर्शन होते, देऊळ पाहणे होत नाही. त्यासाठी साध्या दिवशी सकाळी जावे. गाभारा सभामंडपाहून खोल आहे, सुमारे २० पायऱ्या उतराव्या लागतात, त्या पावसाळ्यात निसरड्या असतात. म्हाताऱ्या माणसांना हात द्यावा. उत्तर दरवाजाशी मान वर करून पाहायचे असेल तर बॅटरी जवळ असलेली बरी.