नदीचे काम थांबते तेव्हा
(कार्यकर्ता शिबिरातील भाषण)



मेलेले मासे तरंगू लागले की आपण म्हणतो, नदी बिघडली. पण त्याच्या पुष्कळ आधी नदीचे काम थांबलेले असते. काम कोणते? काठच्या झाडांचा पाचोळा पाण्यात पडतो, त्यावर बुरशी चढते, किडे तो कुरतडतात आणि त्या भुग्यावर खालच्या पात्रातले जीव जगतात. 1980 साली अमेरिकेतील उत्तर कॅरोलायनात संशोधकांनी एका डोंगरी ओढ्यात मुद्दाम मेथॉक्सिक्लोर हे कीटकनाशक सोडले. किडे मेले, वाहून गेले. पाने कुजण्याचे काम मंदावले आणि खाली जाणारा भुगा घटला. काठावरून पाहणाऱ्याला यातले काय दिसणार?

केरळात चालियार नदीकाठी मावूर येथे 1963 साली रेयॉनसाठी लगदा बनविणारा कारखाना सुरू झाला. लगद्याच्या सांडपाण्यात बांबू-लाकडाचा विरघळलेला अंश भरपूर असतो. तो खाताना जीवाणू पाण्यातला प्राणवायू संपवितात. काळपट रंगामुळे ऊन अडते, शेवाळाकडून नवा प्राणवायू येत नाही. खर्च वाढतो, जमा आटते. माशांच्या पैदाशीसाठी लिटरमागे निदान 4 मिलिग्रॅम प्राणवायू हवा, असे आपल्याकडील मानक सांगते.

काठच्या गावांनी वर्षानुवर्षे आंदोलन केले. कामगार तंट्यात 1985 साली बंद पडलेला कारखाना 1988 साली उघडला आणि 2001 साली कायमचा बंद झाला. 'रोजगार की नदी' या वादात कामगार आणि गावकरी एकमेकांसमोर उभे राहिले. हे आम्हाला बोचते, कारण कुठल्याही मालकाला याहून सोयीचे काही नाही.

सांडपाणी शुद्धीकरण विभागातला आपला माणूस हे सारे जाणतो. त्याच्या टाकीत राबणारे जीवाणू नदीतल्यांचेच भाऊबंद. एकदम आम्ल आले तर ते मरतात. विजेचे बिल वाचवायला रात्री एरेटर बंद केला तर गुदमरतात. आणि सकाळी नोंदवहीत 'चालू' लिहिण्याचा हुकूम त्यालाच होतो. बहुधा तो कंत्राटी असतो. नाही म्हणणार कसा?

म्हणून आमचे म्हणणे असे की, ही नोंदवही दरमहा सुरक्षा समितीपुढे आली पाहिजे. खोटी नोंद नाकारणाऱ्याला संरक्षण, ही मागणी पुढच्या मागणीपत्रात पगारवाढीच्या शेजारी बसली पाहिजे. शेवटी नव्हे. शेवटच्या मागण्या पहिल्या बैठकीतच गळतात, हे तुम्हाला सांगायला नको.