खताची बादली कोण ढवळणार?

(महिला मंडळांच्या बैठकीतील भाषण)



एम.एस.डब्ल्यू.च्या दोन वर्षांत मी बरंच शिकले, पण घरचा ओला कचरा जिरवायला शिकले ती फोनवरच्या व्हिडिओंवरून. पहिल्या खेपेला अर्धवट शिकले. बादलीला भोकं पाडायची, भाजीची देठं टाकायची, झाकण लावायचं, इतकं सोपं वाटलं. दहा दिवसांत घरभर वास आणि बादलीत अळ्या. सासूबाई म्हणाल्या, "तुझं समाजकार्य दाराबाहेर ठेव."

मग व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिले. नुसत्या ओल्या कचऱ्यात हवा खेळत नाही, म्हणून तो सडतो. एक वाटी कचऱ्याला दोन वाट्या सुका पालापाचोळा हवा. सुरुवातीला थोडं आंबट ताक किंवा जुनं खत घालायचं, दर दोन-तीन दिवसांनी ढवळायचं. मुठीत दाबलं तर ओल लागावी, पाणी गळू नये. दोन महिन्यांत मातीच्या वासाचं काळं खत हाती आलं.

पण ती पहिली बादली उपसताना मला मळमळलं, आणि दारावर येणारी कचरावेचक ताई आठवली. आपण सगळं एकत्र टाकतो, तेव्हा अशा घाणीत ती रोज हात घालते. पुण्यात १९९३ साली या कष्टकऱ्यांनी कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना उभारली, २००८ साली 'स्वच्छ' ही सहकारी संस्था. कचरा वेगळा करून देण्याचं बंधन २०१६ च्या नियमांनी घराघरावर घातलं. ओला कचरा घरी जिरला, की तिच्या हाती कोरडा, विकता येईल असा कागद येतो. हे तिच्यावर उपकार नव्हेत.

आता घरातला प्रश्न. स्वयंपाक बाईचा, केर बाईचा, आता पृथ्वी वाचवणंही बाईचंच का? आमच्याकडे ढवळण्याचं काम नवऱ्याने घेतलं. पहिल्याच आठवड्यात तो विसरला. मी हात लावला नाही. वास सुटला, तेव्हा उठला!

आणि दहा बाय दहाच्या खोलीत राहणाऱ्या बहिणीला आपण उपदेश करू नये. तिथे वस्तीसाठी सामायिक जागा हवी, ती आपण मिळून पालिकेकडे मागू. ज्यांच्याकडे गॅलरी आहे, त्यांनी उद्याच बादली मांडावी. मात्र ती कोण ढवळणार, हे आधी घरात ठरवावं.