पोरांची नानखटाई आणि गटाची नानखटाई

(प्रभागसंघाच्या सभेत केलेलं भाषण. सभेला येता आलं नाही अशा ताईंसाठी लिहून काढलं आहे.)



मला सांगितलं होतं की गटाच्या बेकरी व्यवसायाबद्दल बोला. मी बोलणार आहे, पण सुरुवात धंद्यापासून करणार नाही, घरापासून करते. कारण आमची नानखटाई आधी घरात सुरू झाली, पोरांसोबत, आणि मग धंद्यात गेली. ती तिकडे गेल्यावर काय झालं, तेच तुम्हाला सांगायचं आहे.

तुमच्यापैकी ज्या माझ्या वयाच्या आहेत त्यांना आठवत असेल. दिवाळीच्या आधी माय घरून रवा, मैदा, साखर आणि वनस्पती तूप मोजून घ्यायची आणि आपण तालुक्याच्या गावी बेकरीत जायचो. तिथं नंबर लागायचा. भट्टीवाला लांब दांड्याच्या लाकडी फळीवर पत्रे ठेवून आत सरकवायचा. घरून तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा घासून, उन्हात वाळवून नेलेला असायचा. त्यात नानखटाई भरून आणली की घरी पोहोचेपर्यंत वरचा थर गायब! ही नानखटाई मूळची सुरतेची म्हणतात. तिथं डच व्यापाऱ्यांची भट्टी होती, ती पुढे दोतीवाला नावाच्या पारशी घराण्याकडे आली, असं सांगतात. तिथून ती आपल्या काटोल-सावनेरच्या बेकऱ्यांपर्यंत कशी आली देव जाणे, पण आली ती आपलीच होऊन गेली.

आता आपली पोरं सकाळी काय खातात? चहा आणि पाच-दहा रुपयांचा बिस्किटचा पुडा. मी कोणाला नावं ठेवत नाही, माझ्याही घरी तेच होतं. एकदा माझ्या पोरीला म्हटलं, मागं काय लिहिलं आहे ते मोठ्यानं वाच. तिनं वाचलं. पाकिटावर घटक लिहायचा नियम असा आहे की ज्याचं वजन जास्त ते आधी. पहिला मैदा निघाला, मग साखर, मग पाम तेल. ती म्हणाली, "आई, हे तं आपणही करू शकतो नं?" म्हटलं, करू.

ओव्हन तेव्हा नव्हता. तुमच्याकडेही नसेल तर अडत नाही. जुनी जाड बुडाची कढई घ्या. तळाला दोन बोटं चाळलेली, धुऊन वाळवलेली वाळू टाका, नाहीतर जाडं मीठ. त्यावर एक छोटी रिंग ठेवा, घट्ट झाकण लावा, मंद आचेवर दहा-बारा मिनिटं तापू द्या. कुकर वापरू नका, कोरडा तापवला की खराब होतो. चुलीवर करत असाल तर झाकणावर थोडे निखारे ठेवा, वरूनही भाजली जाते.

माप सोपं आहे. एक वाटी ज्वारीचं पीठ, एक वाटी कणीक, दोन चमचे बेसन, एक वाटी पिठीसाखर, एक वाटी थिजलेलं तूप, पाव चमचा खायचा सोडा, चिमूटभर मीठ, वेलदोडा. तूप आणि साखर कोपरात घेऊन तळहातानं फेसायची, पांढरी हलकी होईपर्यंत. हे काम पोरांना द्या, त्यांना भल्ली मजा येते. मग पीठ घालून फक्त गोळा जमेल इतकंच मळायचं. पोळीच्या कणकेसारखं तिंबायचं नाही. काहून? तर गव्हात चिकटपणा असतो, मळला की तो ताणतो आणि नानखटाई कडक होते. ज्वारीत तो चिकटपणा नाही, म्हणून ज्वारीची भाकर थापताना फाटते. जे भाकरीला नडतं तेच नानखटाईला कामी येतं, ती खुसखुशीत होते. माझ्या पोरीनं हे शाळेत बाईंना सांगितलं.

वरून चारोळी लावा. संत्र्याचे दिवस असतील तर साल किसून घाला, फक्त वरची केशरी, खालची पांढरी आली की कडू होते. २०१४ मध्ये आपल्या नागपूरच्या संत्र्याला भौगोलिक मानांकन मिळालं, पण सालं मात्र आपण उकिरड्यावरच टाकतो.

एक सूचना. मे महिन्यात दुपारी करू नका. आपल्याकडे पारा ४५ वर जातो, तूप पाण्यासारखं पातळ होतं आणि नानखटाई ताटलीत पसरून एकच मोठी पोळी होते. आमची झाली होती. पोट्ट्यांनी तीही तोडून खाल्ली म्हणा. उन्हाळ्यात करायचीच असेल तर सकाळी करा, तुपाचा गंज माठाजवळ ओल्या फडक्यावर ठेवा.

गोळे ताटलीत लांब लांब ठेवायचे, १५ ते २० मिनिटं. गरम असताना मऊ लागते, पोरं म्हणतात कच्ची आहे. थांबायला सांगा, थंड झाली की आपोआप कडक होते. थांबणं हेच पोरांना सगळ्यात जड जातं.

आणि हो, पोरगा असेल तर त्यालाही बसवा. आमच्या घरी सासरे म्हणाले, "पोट्टं काय बायकांचं काम करून राहिलं?" मी काही बोलले नाही. नानखटाई झाल्यावर पोरानं पहिली त्यांच्याच हातावर ठेवली. ते अजूनही तसंच बोलतात, पण रविवारी विचारतात, "आज भट्टी नाही का?"

ज्वारी घातली म्हणजे ते औषध झालं असं समजू नका. साखर साखरच आहे, तूप तूपच आहे. एका पोराला दोन, बस. पण त्यात काय पडलं ते आपल्याला माहीत असतं, आणि पोरालाही.

आता गटाकडे येते.

आमच्या गटातल्या बायांनी माझ्या घरची नानखटाई खाल्ली आणि ठरलं की हाच धंदा करायचा. ग्रामसंघातून कर्ज घेतलं, ओव्हन आणला, अन्न सुरक्षेची नोंदणी काढली. तेव्हा तिची फी वर्षाला १०० रुपये होती. ती आधी काढा, नंतर नाही. सुरुवातीला दोन-तीन किलोच्या ऑर्डरी होत्या. मग दिवाळीच्या तोंडावर शहरातल्या एका दुकानातून ऑर्डर आली, ४० किलोची, पाव-पाव किलोची १६० पाकिटं, बारा दिवसांत. आम्ही एका तोंडानं हो म्हटलं. पेढे वाटायचेच काय ते बाकी होते.

हिशेब कोणी केला? कोणीच नाही. तो माझ्या सातवीतल्या पोरीनं केला, चौथ्या दिवशी. एक नानखटाई २० ग्रॅमची, म्हणजे ४० किलोच्या २,००० नानखटाया. आमच्या ओव्हनमध्ये एका खेपेला ३० बसतात. म्हणजे ६७ खेपा. एका खेपेला भरणं-काढणं धरून २५ मिनिटं. म्हणजे २८ तास नुसतं भाजायचं. दिवसा आम्ही सोयाबीनच्या कापणीला, कापसाच्या वेचणीला. लाइट दिवसा जाते. मग उरली रात्र. आणि रात्री हात कमी पडले की कोण दिसतं समोर? पोरं.

कोणी त्यांना जबरदस्ती केली नाही. हे मी आमच्या बाजूनं सांगते, कारण आम्ही स्वतःला हेच सांगत होतो. पोरं आपणहून आली होती. पहिल्या रात्री हसत-खिदळत गोळे वळले. दुसऱ्या रात्री चारोळी लावण्यावरून भांडली. तिसऱ्या रात्री पाकिटं भरता भरता एक झोपलं. सत्र परीक्षा चालू होती. अकरा वाजेपर्यंत ती तिथंच. माझ्या पोराला म्हटलं, चल नं, हे शेवटचं ताट. तो म्हणाला, "मले नाई करायचं." काहून रे? "हे तं कामच झालं."

मी ते ऐकलं आणि पुढचं ताट भरलं. खरं सांगते.

सहाव्या रात्री गटातल्या एका ताईची आठ वर्षांची पोर ओव्हनमधून निघालेल्या पत्र्याला हात लावून बसली. तिला वाटलं थंड झाला असेल. तळहात भाजला. आम्ही दहा बाया तिथं, आणि काय केलं? एकीनं टूथपेस्ट आणली, एकीनं तूप लावलं. दोन्ही चूक होतं. दवाखान्यात सिस्टरनं आम्हाला चांगलंच झापलं. भाजलं की लगेच साध्या थंड वाहत्या पाण्याखाली धरायचं, वीस मिनिटं, घड्याळ लावून. बर्फ नाही, तूप नाही, हळद नाही, पेस्ट नाही. बांगडी-अंगठी सूज यायच्या आत काढायची. मग स्वच्छ कोरडं फडकं सैल गुंडाळून दवाखाना. फोड फोडायचा नाही. घरी जाऊन भिंतीवर लिहून ठेवा.

पोर बरी झाली. तिची माय महिनाभर बैठकीला आली नाही. ती आली नाही त्याचा राग कोणाला नव्हता. आम्हाला लाज होती.

ऑर्डर आम्ही कमी पाठवली. दुकानवाला नाराज झाला, तो त्याच्या जागी बरोबर होता.

त्यानंतरची बैठक तीन तास चालली. मी म्हटलं, पोरांना धंद्यात घ्यायचं नाही. एक ताई उठली. ती म्हणाली, "वेचणीला आपली पोरं जात नाहीत का? तेव्हा कोणाला पोरं दिसत नाहीत. सावलीत बसून दोन पाकिटं भरली तं एवढं काय?" बायांनो, या प्रश्नाला माझ्याकडे सोपं उत्तर नव्हतं. आजही पूर्ण नाही. तिच्या घरात एकच कमावता हात आहे आणि तो तिचाच. पोरानं भरलेल्या पाकिटांचे पैसे तिच्या हिशेबात येत होते.

मग सीआरपी ताईंनी कायदा सांगितला. २०१६ च्या दुरुस्तीनंतर १४ वर्षांखालच्या मुलाला कामाला लावता येत नाही. स्वतःच्या कुटुंबाच्या कामात, ते धोक्याचं नसेल तर, शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत मदत चालते. पण गट म्हणजे काही एका घरचा धंदा नाही. दहा घरांचा आहे. माझ्या पोरानं तुझं पाकीट भरलं तर ती घरची मदत कशी? यावर ती ताई गप्प बसली. पटलं म्हणून की थकली म्हणून, मला माहीत नाही.

शेवटी काय ठरलं ते सांगते. गटाची नानखटाई फक्त दिवसा, ओव्हनजवळ दोन बाया, पोर एकही नाही. ऑर्डर घ्यायच्या आधी खेपा मोजायच्या. दिवसाला तीन तास धरले तर सात खेपा होतात, म्हणजे चार किलोच्या आसपास. आठ दिवसांत ३२ किलो. त्याच्यावर हो म्हणायचं नाही, दुकानवाला कितीही गोड बोलला तरी. ज्या ताईच्या घरी पाकिटांचे पैसे कमी झाले तिला वजन-मापाचं काम दिलं, त्याची मजुरी वेगळी. ते पुरेसं आहे असं मी म्हणणार नाही. तिच्या कर्जाचा एक हप्ता थांबला होता तो ग्रामसंघानं पुढं ढकलला, त्यासाठी दोन बैठका भांडावं लागलं.

आणि रविवारची कढई परत सुरू केली. ती विकायची नाही, हा नियम पोरांनीच केला. एक वाकडी झाली, एकावर चारोळीनं नाव लिहिलं, एक जळली, सगळ्या तिथंच संपतात. कढईचं झाकण मोठं माणूसच काढतं. पोरं दोन हात लांब.

ती भाजलेली पोर पहिले चार रविवार आली नाही. पाचव्याला दारात उभी राहिली. म्हटलं, ये. ती म्हणाली, "मी हात नाई लावणार." बरं, मग काय करशील? तिनं भिंतीवरचं घड्याळ मागितलं. आता ती घड्याळ मांडीवर घेऊन बसते, आणि अठरा मिनिटं झाल्याशिवाय मला झाकण उघडू देत नाही. परवा मी सतराव्या मिनिटाला हात लावला तर ओरडली, "काकू, अजून एक आहे!"