टपालखर्च कुणाच्या पदरचा?

(मालवण तालुक्यातल्या महिला बचत गटांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

आजचा विषय ऐकायला किरकोळ वाटेल. आगळ, आमसुलं, मालवणी मसाला, कुळथाचं पीठ, तळलेले गरे असा माल आपण आता फोनवरून, इंटरनेटवरून विकतो. मुंबई-पुण्याच्या गिऱ्हाइकाला माल आवडतो, भाव पटतो, आणि गाडी अडते ती पोस्टाच्या पैशांवर. गटागटांतून फिरताना बायकांच्या फोनवर आलेले निरोप मी वाचते. चवीबद्दलची तक्रार त्यात क्वचित असते. टपालखर्चाबद्दलची तक्रार मात्र नेहमीची.

आणि आपलं उत्तरही नेहमीचंच. ‘राहू दे ताई, तुम्हाला जमेल तेवढे द्या.’ आज मला बोलायचंय ते या ‘राहू दे’बद्दल. कारण आपण सोडलेले पैसे हवेत जात नाहीत. पोस्ट किंवा कुरिअरवाला त्याचे पूर्ण पैसे मोजून घेतो. मग उरलेले पैसे कोण भरतं?

एक हिशोब मांडू. आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत, तुम्ही आपापले घाला. समजा, लिटरभर आगळाची बाटली २५० रुपयांना विकली. रातांबे, मीठ, बाटली, लेबल यांना १५० रुपये लागले. उरले १०० रुपये. रातांबे फोडणं, मीठ लावून ठेवणं, रोज ढवळणं, गाळणं, बाटल्या धुणं-भरणं या सगळ्याची ही मजुरी. पार्सलचा खर्च आला १२० रुपये. गिऱ्हाईक कुरकुरलं म्हणून आपण त्यातले ६० सोडले. म्हणजे मजुरी उरली ४० रुपये. ‘थोडं कमी घेतलं’ असं आपण म्हणतो, पण निम्म्याहून जास्त मजुरी गेली. रातांबेवाला कमी घेत नाही, बाटलीवाला घेत नाही, कुरिअरवाला घेत नाही. कमी घेते ती एकटी बाई. कारण तिचे श्रम हा खर्च आहे असं कुणी धरतच नाही, पुष्कळदा ती स्वतःही नाही.

आपल्या कोकणाला टपालाचा खर्च काही नवा नाही. मुंबईच्या गिरण्यांतून चाकरमानी मनीऑर्डर पाठवायचा आणि इथली घरं त्यावर चालायची. १९८२ च्या गिरणी संपानंतर त्यातल्या किती मनीऑर्डरी थांबल्या हे इथल्या बायकांना सांगायला नको. जुनी कागदी मनीऑर्डर २०१५ मध्ये बंद झाली. शेवटच्या काळात तिचं कमिशन शंभराला पाच रुपये होतं आणि ते पाठवणारा मुकाट्यानं भरत होता. पैसा इतक्या लांब पोचवायचा तर कुणीतरी तो वाहून नेणार आणि त्याचे पैसे घेणार, हे त्याला मान्य होतं. तेव्हा मुंबईहून इकडे पैसा यायचा, आता इकडून मुंबईला माल जातो. वाहून नेण्याचे पैसे पडतात हे तेव्हा कळत होतं, मग आता का कळू नये?

तरीही प्रत्येक तक्रार करणारा आपला शत्रू आहे असं धरू नका. तक्रारी वेगवेगळ्या असतात, त्या वेगळ्या करायला शिकू.

पहिली तक्रार : ‘मालापेक्षा टपालच महाग!’ बऱ्याचदा हे खरंच असतं. इथे चिडून उपयोग नाही, मार्ग काढावा. दर साधारण अर्ध्या-अर्ध्या किलोच्या टप्प्यानं चढतात. अर्धा किलो मसाल्याचं पाकीट खोक्यासकट अर्ध्या किलोच्या वर जातं आणि किलोचा दर लागतो. म्हणून ४०० ग्रॅमचं पाकीट काढा, त्यावर वजन स्वच्छ लिहा, किंमत त्या वजनाची लावा. एक बाटली मागवणाऱ्या ताईंना सांगा, ‘शेजारणीबरोबर मिळून चार बाटल्या मागवा. टपाल चौपट होत नाही, बाटलीमागे कमी पडतं.’

दुसरं एक गणित आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं. कुरिअरवाले नुसतं वजन बघत नाहीत, खोक्यानं अडवलेली जागाही मोजतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणाकार करायचा आणि बरेच जण त्याला ५००० नं भागतात. ३० बाय २५ बाय २० चं खोकं घ्या. गुणाकार १५,०००, भागिले ५०००, म्हणजे ३ किलो. आत एक किलो कुरड्या असल्या तरी पैसे तीन किलोचे. गिऱ्हाईक म्हणतं, ‘एक किलोला एवढे कसे?’ आणि आपण गप्प बसतो, कारण आपल्यालाही ठाऊक नसतं. मेजरिंग टेप घरात ठेवा. भाव सांगण्याआधी खोकं मोजा. मालाला बसेल एवढंच खोकं घ्या.

तिसरी तक्रार : ‘मोठ्या कंपन्या फुकट घरपोच देतात.’ मैत्रिणींनो, फुकट कुणीच काही पोचवत नाही. तो खर्च मालाच्या किमतीत मिसळलेला असतो, विकणाऱ्याच्या वाट्यातून कापलेला असतो किंवा वर्षाच्या वर्गणीतून वसूल केलेला असतो. आपल्यातल्या ज्या बायका अशा मोठ्या संकेतस्थळांवर माल ठेवतात, त्यांनी आपल्या खात्याचा उतारा नीट वाचावा. कमिशन आणि वाहतूक कापून हातात काय आलं ते बघावं. आपणही टपाल किमतीत मिसळून ‘टपालासह’ भाव सांगू शकतो, त्यात गैर काही नाही. मात्र मग मालवणात येऊन हातोहात घेणाऱ्याला वेगळा, कमी भाव ठेवावा लागेल. दोन्ही भाव कागदावर हवेत.

चौथी तक्रार : ‘पावतीवर ९० रुपये आहेत, तुम्ही १२० घेतलेत.’ हिचं उत्तर आपल्या प्रामाणिकपणावर अवलंबून आहे. वरचे ३० रुपये खोकं, चिकटपट्टी, बाटलीभोवतीचं वेष्टण आणि तालुक्याला जाण्याचं भाडं यांचे असतील, तर ते आपल्या हक्काचे आहेत. पण आधी सांगितलेलं असलं पाहिजे. २०२३ च्या मार्चपासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. तिकीट अर्धं झालं, पण पार्सल घेऊन जाण्यात मोडणारा दिवस अर्धा झाला नाही. तोही हिशोबात धरा. मात्र काहीच न सांगता वर पैसे लावले असतील तर गिऱ्हाइकाचं बरोबर आहे. फरक त्याच दिवशी परत करा.

हे नुसतं नीतीचं सांगत नाही. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे अशा संकेतस्थळांवर विकणाऱ्यानं एकूण किंमत एका आकड्यात सांगायची असते आणि तिची फोडही द्यायची असते. त्या फोडीत टपाल आणि हाताळणीचा खर्च येतो. तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याच्या आत करायचं असतं. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ज्या फसव्या रीतींवर बंदी घातली, त्यात सुरुवातीला कमी किंमत दाखवून शेवटी खर्च वाढवणं हीही एक आहे. फोनवरून चार बाटल्या विकणाऱ्या बाईनंही हीच रीत पाळावी. ती गिऱ्हाइकाचं रक्षण करते आणि आपलंही. आधी लिहून दिलेल्या आकड्यावर नंतर घासाघीस होत नाही.

पाचवी तक्रार सगळ्यांत अवघड, कारण ती मायेनं येते. ‘अगो, मी गाववालीच मगे. माझ्याकडसून पोष्टाचे पैशे कसले घेतंस?’ इथे आपल्याला संकोच होतो. पण गाववालीला माया दाखवायची तर चार आमसुलं जास्त घाला. ती आपल्या हातची आहेत, किती द्यायची ते आपण ठरवू. पोस्टाचा दर गाववालीला वेगळा नाही.

बाटली फुटून आली, आगळ सांडलं, तर काय? बांधणी आपली असेल तर नुकसान आपलं. पैसे द्या किंवा दुसरी बाटली पाठवा, आणि त्या दुसऱ्या खेपेचं टपाल मागू नका. पण माल नीट पोचला आणि गिऱ्हाइकानं दारातून परत लावला, तर जाण्या-येण्याचा दोन्ही खर्च आपल्या गळ्यात पडतो. म्हणून नव्या गिऱ्हाइकाकडून निदान टपालखर्च आधी घ्यायचा, हा गटाचा नियम करा.

उत्तर कसं लिहायचं? माफी मागत नाही आणि भांडतही नाही. असं लिहा : ‘ताई, पार्सल खोक्यासकट १ किलो ४०० ग्रॅम भरलं. कुरिअर १०० रुपये, खोकं व बांधणी २० रुपये, एकूण १२०. पावतीचा फोटो सोबत आहे. पुढच्या वेळी दोन-तीन बाटल्या एकत्र घेतल्यात तर बाटलीमागे खर्च कमी पडेल.’ एवढं पुरे. पावती दाखवली की बहुतेक माणसं समजून घेतात. नाही घेतलं तर ते गिऱ्हाईक जाऊ द्यावं. आपली मजुरी देऊन ते राखण्यात अर्थ नाही.

आता उत्तर देतं कोण, हे बघू. पुष्कळ घरांत धंद्याचा फोन नवऱ्याच्या किंवा मुलाच्या हातात असतो. तक्रार येते, तो चुलीपाशी न विचारताच लिहून टाकतो, ‘काही हरकत नाही, नका देऊ.’ उदार तो होतो, मजुरी तिची जाते. म्हणून गटाच्या धंद्याचा नंबर गटाचा हवा, आणि सूट द्यायची की नाही हे माल करणाऱ्या बाईला विचारल्याशिवाय कुणी ठरवू नये. लिहिता येत नसेल तिनं बोलून निरोप पाठवावा. तिच्या आवाजातलं ‘नाही’ गिऱ्हाइकाला बरोबर कळतं.

शेवटचा मुद्दा. एकटीनं दर कमी होत नाही. महिन्याला बरीच पार्सलं देणाऱ्याला पोस्ट आणि कुरिअर दोन्हीकडे करार करून दर कमी मिळू शकतो. आपल्या एकेका गटाची पार्सलं थोडी, पण तालुक्यातल्या गटांची एकत्र केली तर बोलणी करता येतात. त्यासाठी आधी आकडे लागतील. आज प्रत्येक गटानं एक वही घालावी. रकाने पाच : तारीख, वजन, पोस्ट-कुरिअरला दिलेले, गिऱ्हाइकाकडून आलेले, आणि सोडलेले. तीन महिन्यांनी सगळ्या वह्या घेऊन बसू. पाचव्या रकान्याची बेरीज करू आणि तो आकडा घेऊनच दराची बोलणी करायला जाऊ.

आता तुमचे अनुभव सांगा. कुणाला काय उत्तर द्यावं लागलं, तिथूनच चर्चा सुरू करूया.