श्वानांच्या पाठीचा कणा आणि चिनी सूचिचिकित्सा

लांब पाठीचा आणि आखूड पायांचा डाक्सहुंड ज्यांनी घरात वाढवला आहे, त्यांतील अनेकांनी हे दुःख पाहिले असेल, की काल संध्याकाळपर्यंत जिना चढणारा प्राणी सकाळी मागचे पाय फरफटत आपल्याकडे येऊ पाहतो आणि स्वतःला काय झाले हे त्याला सांगता येत नाही. या जातीत मणक्यांमधील गादीचा मऊ गर ऐन तारुण्यातच शुष्क व कठीण होऊ लागतो, आणि एखाद्या क्षुल्लक उडीचे निमित्त होऊन तो गादीचे वेष्टन फोडतो व मज्जारज्जूवर आदळतो.

यावर उपाय म्हणून सुचवली जाणारी, पशूंना सुया टोचण्याची चिनी परंपरा जुनी खरी. परंतु १६०८ साली यू बंधूंनी सिद्ध केलेला तिचा विख्यात ग्रंथ मुख्यत्वे अश्वचिकित्सेचा आहे, आणि श्वानदेहावरील बिंदूंचे आजचे नकाशे बव्हंशी विसाव्या शतकात मनुष्यदेहावरून बेतलेले आहेत. म्हणून केवळ प्राचीनतेच्या दाखल्यावर एखाद्या मुक्या जिवाला सुयांच्या स्वाधीन करणे मला मान्य नाही. दाखला हवा तो रुग्णांचा, आणि तसा एक ब्राझीलमधील बोतुकातू येथील पशुवैद्यांनी २०१० साली प्रसिद्ध केला. दोन दिवसांहून अधिक काळ गंभीर पक्षाघात झालेल्या चाळीस कुत्र्यांपैकी, सुयांतून सौम्य विद्युत्प्रवाह सोडून ज्या एकोणीस कुत्र्यांवर उपचार झाले, त्यांतील पंधरा सुधारले. केवळ शस्त्रक्रिया झालेल्या दहांपैकी चार. शस्त्रक्रियेच्या रुग्णांचा तपशील जुन्या दप्तरातून घेतलेला असल्याने ही तुलना निर्णायक म्हणता येत नाही. तरीही ज्या प्राण्याला शस्त्रक्रिया झेपणार नाही, किंवा ज्याच्या धन्याला तिचा खर्च परवडणार नाही, त्याच्यासाठी ही आशा निराधार नाही, असे मी मनःपूर्वक म्हणतो.

सुई निसटलेला गर जागेवर नेत नाही. ती मज्जातंतूंना चेतवते. मेंदू व मज्जारज्जूतील वेदनाशामक द्रव्ये त्यामुळे स्रवू लागतात आणि आखडलेले स्नायू सैल होतात. तिच्या जोडीला चिनी वैद्य मर्दन करतात आणि दवण्याच्या कुळातील एका वनस्पतीची वात पेटवून तिचा शेक देतात. ही दोन्ही साहाय्यक साधने होत.

परंतु क्रम चुकता कामा नये. पायाचे बोट चिमट्यात जोराने दाबूनही जो कुत्रा मान वळवीत नाही किंवा कण्हत नाही, त्याला प्रथम शल्यचिकित्सकाकडे न्यावे, आणि तेही तासांच्या हिशेबाने. अशा वेळी सुयांचे प्रयोग करीत दवडलेला दिवस परत मिळत नाही. ज्याची संवेदना शाबूत आहे, त्याला काही आठवडे पिंजऱ्यात सक्त विश्रांती द्यावी, लघवी आपोआप होत नसल्यास पशुवैद्याकडून शिकून हलक्या हाताने मूत्राशय दाबून ती काढावी, आणि मग सुयांची तजवीज करावी. सुयांनी वेदना शमली की तो खेळू पाहील, दाराशी धाव घेईल, आणि घरच्यांचे मनही द्रवेल. पण गादीचे फाटलेले वेष्टन अद्याप सांधलेले नसते, म्हणून पशुवैद्य सांगेपर्यंत पिंजऱ्याचे दार उघडू नये.