कोरड्या मुलखाचा चित्रपट



ब्राझीलच्या ईशान्येला सेर्ताओ नावाचा कोरडा, काटेरी मुलूख आहे. 1960 साली दिग्दर्शक नेल्सन परेरा दोस सांतोस तिथे दुष्काळावरचा चित्रपट करायला गेले आणि नेमका पाऊस पडला. सगळा माळ हिरवागार! मग तिथेच त्यांनी दुसरीच कथा चित्रित केली; पण दुष्काळाची कथा काही डोक्यातून गेली नाही. 1963 साली ती पडद्यावर आली, ‘विदास सेकास’ म्हणजे ‘कोरडी आयुष्यं’ या नावाने.

मूळ कादंबरी ग्रासिलियानो रामोस यांची, 1938 सालची. फाबियानो हा गुराखी, बायको व्हितोरिया, दोन मुलं आणि बालेया ही कुत्री. भुकेपोटी सोबतचा पोपट सुरुवातीलाच मारून खाल्ला जातो.

हा चित्रपट कानांनीही पाहावा लागतो. पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच. ऐकू येते बैलगाडीच्या चाकाची करकर, लांबलचक, जीव नकोसा करणारी. छायाचित्रकार लुईस कार्लोस बारेतो यांनी ऊन सौम्य करणारे फिल्टर वापरले नाहीत. आभाळ पांढरंफटक दिसतं, आपलेही डोळे दिपतात.

पण मला सर्वांत बोचतो तो हिशेबाचा प्रसंग. मालक मजुरीचे पैसे हातावर ठेवतो. घरी बायकोने केलेला हिशेब वेगळा असतो. फाबियानो विचारतो, तर उत्तर मिळतं, फरक व्याजाचा. पटत नसेल तर दुसरीकडे काम बघ. आणि हा धिप्पाड माणूस चक्क माफी मागतो. पाऊस पडला तरी या घराचं दैन्य का सरणार नाही, ते इथे कळतं.

पुढे आजारी बालेयाला फाबियानो गोळी घालतो. कॅमेरा खाली, तिच्या नजरेच्या उंचीवर येतो. 1964 साली कान महोत्सवात काही प्रेक्षकांना वाटलं, कुत्री खरोखरच मारली. शेवटी तिला जिवंत तिथे आणून दाखवावं लागलं! कुत्रीसाठी लोक हळहळले, ते योग्यच. तेवढीच हळहळ फाबियानोच्याही वाट्याला यायला हवी होती.

दोस सांतोस 2018 साली गेले. त्याआधी, 2006 मध्ये, ब्राझीलच्या साहित्य अकादमीने त्यांना सदस्य म्हणून निवडलं. हा मान मिळवणारे ते पहिले चित्रपट दिग्दर्शक. एखाद्या फिल्म सोसायटीत हा चित्रपट लागला तर जरूर जा, आणि तो हिशेबाचा प्रसंग डोळ्यांआड होऊ देऊ नका.